दोन जोत्यांचें घर

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें जुन्या घरास नवें घर जोडून पाहिलें नसावें, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. नाहीं तर म्हणींत आणखी एका चरणाची भर पडली असती. नवें घर बांधणें हें द्रव्याचें आणि दगदगीचें काम खरें. परंतु त्याची जमीन कोठें धरावयाची हें एकदां ठरलें कीं ठरलें. जुन्यास नवें जोडतांना मात्र पहिल्याच दिवशीं प्रश्न उभा राहतो: नव्या खोलीची जमीन जुन्या जमिनीशीं मिळवावी, कीं उंच घ्यावी? दिसावयास हा प्रश्न चार इंचांचा आहे. पण ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात तेथें कोणीं कोठवर जावें आणि कोणीं कोठें बसून राहावें, हें त्या चार इंचांवर ठरतें.

आम्ही कांहीं स्थापत्यविशारद नव्हों. उभा जन्म मुलांस संस्कृत शिकविण्यांत गेला. विटांचा आणि आमचा संबंध शाळेच्या भिंतींपुरताच. तथापि आमच्या वाईच्या घरीं गेलीं तीन वर्षें हा विषय अक्षरशः पायांखालीं होता, आणि त्यांतून जें शिकावयास मिळालें तें आमच्यासारख्याच एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांच्या उपयोगीं पडेल, या समजुतीनें हा लेख लिहीत आहों.

जुन्या घरांत सारी जमीन एका पातळींत असे, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. कोणताहि जुना वाडा आठवावा. चौक सर्वांत खालीं, कारण चारी बाजूंच्या पाख्यांचें पाणी तेथें पडून मोरीवाटे बाहेर जावयाचें. चौकाच्या कडेनें सोपा, तो एक-दोन पायऱ्या वर. सोप्यावरून माजघरांत जावयाचें तर उंबरठा ओलांडावयाचा. न्हाणीघर पुन्हां खालीं. आमच्या गांवापासून जवळच मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे. तो ज्यांनीं पाहिला असेल त्यांस चौकांत उतरतांना पाऊल कसें आपोआप सावध होतें, हें सांगावयास नको. कोंकणांतील घरांतहि खळें, पडवी, ओटी, माजघर अशा चढत्या पातळ्याच असत. तेव्हां पातळ्यांचा भेद हा मुळांत दोष नव्हे. जुन्या बांधणाऱ्यांचें धोरण असें, कीं भेद ठेवावयाचा तर तो भरपूर ठेवावयाचा, दाराशीं किंवा ओट्याच्या कडेशीं ठेवावयाचा, आणि त्यास कांहीं कारण असावयाचें. येण्याजाण्याच्या वाटेवर मध्येंच बोटभर उंचवटा त्यांनीं ठेविला नाहीं.

या पायऱ्यांनीं पाणी जसें बाहेर ठेविलें तशीं माणसेंहि बाहेर ठेविलीं, हेंहि सांगितलें पाहिजे. कोणीं अंगणांत उभें राहावयाचें, कोणीं ओटीपर्यंत यावयाचें, आणि घरच्या बायकांनींसुद्धां माजघराच्या दाराआडूनच बोलावयाचें, हें सर्व पायऱ्यांनीं ठरविलेलें असे. ‘आपली पायरी ओळखून असावें’ असें आपण सहज बोलतों. त्या बोलण्यामागें खरोखरीच्या दगडी पायऱ्या होत्या. तें सर्व मागें पडलें तें बरेंच झालें. परंतु गंमत अशी, कीं मनांतल्या पायऱ्या मोडीत काढणारी आजची पिढी घरांत नकळत नव्या पायऱ्या घालूं लागली आहे, आणि त्या पायऱ्या आतां घरांतील म्हाताऱ्या माणसांस बाहेर ठेवितात.

असें होण्याचें एक मोठें कारण घरांत नसून रस्त्यावर आहे. गांवोगांवच्या रस्त्यांवर जुना थर न उकरतां डांबराचा नवा थर चढविला जातो. दहा-वीस वर्षांत रस्ता वर येतो, आणि घर, जागचें न हलतां, खालीं जातें. आमचें घर सव्वाशे वर्षांचें. मागील बोळापासून त्याचें जोतें मूळचें दीड हात उंच होतें, असें वडील सांगत. आज तें अवघें ४ इंच वर राहिलें आहे. श्रावणांत एखादी मोठी सर आली कीं बोळांतील पाणी परसांत शिरतें आणि पडवीच्या कडेस येऊन टेकतें. इकडे भारताच्या २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेंत, मुख्य इमारतीचें जोतें भोंवतालच्या जमिनीपासून निदान ४५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १८ इंच, उंच असावें असें सांगितलें आहे. परसांत नव्या खोल्या बांधावयाच्या तर हिशेब सरळ आहे: अठरांतून चार गेले, चौदा राहिले. जुन्या जमिनीच्या पातळींत बांधावें तर पहिल्याच पावसाळ्यांत पाणी पलंगाखालीं. उंच बांधावें तर घराच्या मधोमध पायऱ्या.

या चौदा इंचांचा नीट विचार करावयास आम्हांस भाग पाडलें तें मात्र दीड इंचानें.

तीन वर्षांपूर्वीं माजघराच्या अंगास, जुन्या कोठीच्या जागीं, न्हाणीघर व शौचकूप बांधून घेतलें. तेथें जाण्याच्या वाटेची जमीन माजघराच्या पातळींत असावी, असें कंत्राटदारास बजावून सांगितलें होतें आणि त्यानेंहि मान डोलाविली होती. त्यानें पातळी मिळविली ती कांक्रिटची. कांक्रिटचा माथा माजघराच्या फरशीशीं बरोबर जुळला. मग त्यावर सव्वा इंच माल पसरला, मालावर अडीच सूत जाडीची फरशी बसली, आणि दाराशीं दीड इंचाहून थोडा अधिक उंचवटा तयार झाला. विचारलें तेव्हां ‘एवढें चालतें’ असें उत्तर मिळालें. ही चूक फार ठिकाणीं आढळते. पातळी मोजावयाची ती जेथें पाय टेकतो तेथली, म्हणजे तयार जमिनीची. तिच्याखालीं माल किती आणि फरशी किती हें वजा करून मग कांक्रिटचा माथा ठरवावयाचा. ही वजाबाकी दुसरीच्या मुलासहि येते.

आमच्या वहिनी आज ऐंशी वर्षांच्या आहेत. आम्ही चार वर्षांचे असतांना त्या माप ओलांडून या घरांत आल्या. आमच्या पाटीवरचें पहिलें अक्षर त्यांनींच गिरवून घेतलें. थोरले बंधु गेल्यापासून घराचा कारभार त्यांच्या शब्दानें चालतो. साठ वर्षें त्या या घरांत अंधारांतहि दिव्यावांचून वावरल्या. कोठें खांब, कोठें उंबरठा, हें त्यांच्या पायांस पाठ होतें. त्या पायांस ठाऊक नव्हता तो एवढा दीड इंच. मार्गशीर्षांत एका पहाटे त्या तेथें अडखळून पडल्या आणि उजवें मनगट मोडलें.

हाड सहा आठवड्यांत सांधलें. परंतु त्यानंतर जें घडूं लागलें तें क्ष-किरणांच्या चित्रांत दिसण्यासारखें नव्हतें. त्या भिंतीस हात लावून चालूं लागल्या. रात्रीं उठावें लागूं नये म्हणून त्यांनीं संध्याकाळनंतर पाणी पिणें सोडलें, आणि ही गोष्ट आम्हांस दोन महिन्यांनीं थोरल्या सूनबाईंकडून कळली. विचारलें तेव्हां म्हणाल्या, ‘‘भावोजी, पुन्हां पडून तुम्हां सगळ्यांना धांवपळ करायला लावण्यापेक्षां तहान सोसते.’’

इतक्या थोड्या उंचवट्यानें एवढें व्हावें याचें नवल वाटतें. परंतु त्याच्या थोडकेपणांतच त्याचें वर्म आहे. सपाट जमिनीवर चालतांना पाय पुढें येतो तेव्हां बोटें जमिनीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर वर असतात. म्हातारपणीं पाऊल आणखी घसटत पडतें. सात इंचांची पायरी डोळ्यांस दिसते आणि पाय उचलला जातो. दीड इंचाचा उंचवटा सहसा दिसत नाहीं, त्यांतून दोन्हीकडे एकाच रंगाची फरशी असली म्हणजे तर मुळींच नाहीं. पायास मात्र तो बरोबर सांपडतो. कंत्राटदारानें मागाहून त्यावर सिमेंटचा तिरका उतार करून दिला. तो हातभर लांब असावयास हवा होता. चार बोटांतच संपला. त्यावरून पाय अडखळण्याऐवजीं घसरूं लागला, एवढाच फरक.

अशा स्थितींत गेल्या वर्षीं वहिनींच्या नातवाचें लग्न ठरलें आणि परसांत दोन खोल्या वाढविणें प्राप्त झालें. घरांत बैठक बसली. पुतण्याचें म्हणणें असें, कीं जुनीच जमीन भराव घालून चौदा इंच वर आणावी, म्हणजे सारें घर एका पातळींत येईल. ऐकावयास हें फार सोपें. पण आमच्या जुन्या दारांची उंची साडेपांच फूट. चौदा इंच गेल्यावर उरते चार फूट चार इंच. तेथून वामनावतारावांचून कोणासहि ताठ मानेनें जातां यावयाचें नाहीं. शिवाय माजघरांतील सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत. ते तळखडे भरावांत बुडाले कीं लांकूड मातीस टेकलें, आणि ओल व वाळवी यांस आमंत्रण गेलें. ज्यानें तळखडा घातला त्यानें तो केवळ शोभेसाठीं घातला नव्हता.

एका आप्तांनीं वास्तुशास्त्राचा आधार काढला आणि कोणती दिशा उंच हवी, कोणती सखल हवी, यावर बराच खल केला. आम्हीं त्यांस एवढेंच सांगितलें, कीं जुन्या ग्रंथांतील शब्द ‘प्लव’ असा आहे. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे प्लव असलेली भूमि प्रशस्त मानिली आहे, आणि ‘प्लु’ धातूचा संबंध पाण्यावर तरंगण्याशीं, वाहण्याशीं आहे. पाणी कोणीकडे वाहून जाईल हें ज्यानें आधीं पाहिलें त्यानें शास्त्राचा मोठा भाग पाळला. त्यांचें समाधान झालें कीं नाहीं तें कळलें नाहीं. चहा मात्र झाला.

मार्ग निघाला तो थोरल्या सूनबाईंच्या एका प्रश्नानें. त्या म्हणाल्या, ‘‘जमीन किती उंच हें मागाहून पाहूं. आधीं मला हें सांगा, जेवायची पंगत वर बसणार कीं खालीं?’’

बैठक गप्प झाली. नकाशांत नवें स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली वर, नव्या बांधकामांत होती. तसें झालें असतें तर सारें घर दिवसांतून दोनदां चौदा इंच चढून जेवावयास गेलें असतें, आणि वहिनींचें ताट खालीं माजघरांत आलें असतें. कोणीं त्यांस वेगळें काढलें असें कोणी म्हणूं शकला नसता. वेळच्या वेळीं, गरम अन्नाचें, झांकलेलें ताट त्यांस मिळालें असतें. पंगत तेवढी मिळाली नसती.

त्या दिवशीं घराचा नकाशा बाजूस ठेवून आम्हीं वहिनींच्या दिवसाचा नकाशा काढला. पहाटे न्हाणीघर, मग देवघर, मग तुळस, स्वयंपाकघरांत भाजी निवडणें, जेवण, दुपारची झोंप, संध्याकाळीं ओटी. या वाटेवर एकहि नवी पायरी येऊं द्यावयाची नाहीं, हा पहिला नियम ठरला. म्हणून स्वयंपाक व जेवण जुन्याच जमिनीवर राहिलें, न्हाणीघराची ती वाट उकरून माजघराच्या पातळींत आणिली, आणि वर गेल्या त्या नुसत्या निजावयाच्या खोल्या. दुसरा नियम असा, कीं चौदा इंचांचा सगळा भेद एकाच जागीं गोळा करावयाचा. दोन इंच येथें, चार इंच तेथें, अशी त्याची वांटणी करावयाची नाहीं.

या कामीं मागील पडवी उपयोगीं पडली. ती २२ फूट लांब व ७ फूट रुंद आहे. माजघराचें मागचें दार तिच्या एका टोकास, नव्या खोल्यांचें दार दुसऱ्या टोकास. उतरणीचें सर्वमान्य प्रमाण असें, कीं एक इंच चढास निदान बारा इंच लांबी द्यावी. चौदा इंचांस चौदा फूट लागले, आणि उभें राहावयास व वळावयास दोन्ही टोकांस चार-चार फूट सपाट जागा उरली. उतरण ४ फूट रुंद केली. उरलेल्या ३ फुटांच्या पट्ट्यांत, वरच्या टोकाशीं, सात-सात इंचांच्या दोन पायऱ्या घेतल्या. राहत्या घरांतील पायरी १९० मिलिमीटरांहून उंच नसावी असा संहितेचा दंडक आहे. सात इंच म्हणजे १७८ मिलिमीटर, तेव्हां तेंहि साधलें. घाई असेल त्यानें पायऱ्यांनीं जावें, सवड असेल त्यानें उतरणीनें. उतरणीस न घांसलेली शहाबादी घातली, म्हणजे ओला पाय सरकावयास नको. मोकळ्या कडेस कठडा बसविला, पायऱ्यांच्या कडांस वेगळ्या रंगाची पट्टी लावली, आणि परसांतील पाण्यास वाट म्हणून पडवीच्या बाहेरून नाली काढली.

पातळी मोजण्याचें काम या खेपेस एका वृद्ध गवंड्याकडे होतें. त्याजपाशीं पाण्यानें भरलेली एक पारदर्शक नळी होती. नळीचें एक टोक माजघरांत धरावें, दुसरें परसांत. पाणी दोन्हीकडे एकाच पातळीस उभें राहतें. मध्यें भिंत असो कीं वळण असो, त्यास फसवितां येत नाहीं. मात्र नळींत हवेचा बुडबुडा राहूं देऊं नये. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारांत शंकु उभा करण्यासाठीं पाण्यानें समतल केलेली शिला सांगितली आहे. पोथींत तें अनेकदां वाचलें होतें, परसांत घडतांना प्रथमच पाहिलें. गवंड्यानें पहिल्याच दिवशीं सर्व भिंतींवर एक आडवी रेघ मारली, ती माजघराच्या मागच्या दाराजवळील फरशीपासून बरोबर तीन फूट उंच. पुढील सारीं मापें त्या रेघेपासून. नवी जमीन कोठें, असें विचारलें कीं तो म्हणे, ‘‘रेघेखालीं एक फूट दहा इंच, फरशीसकट.’’ हें ‘फरशीसकट’ ऐकून आमच्या जिवांत जीव येई. जुनी फरशी दर कोपऱ्यास निराळी असते. आमच्या माजघरांतच एका भिंतीपासून दुसरीपर्यंत पाऊण इंचाचा फरक निघाला. म्हणून माप धरावयाचें तें जेथें जुनें व नवें एकमेकांस भेटणार, त्या दाराचेंच.

आणखी एक गोष्ट त्या गवंड्यानें शिकविली. नवा पाया खणतांना जुन्या पायाखालीं कुदळ जाऊं देऊं नये, आणि नवी भिंत जुन्या भिंतींत गुंतवूं नये. आमच्या परसांतील जमीन काळी. अशी जमीन पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसते. जुनी भिंत सव्वाशे पावसाळे पाहून स्थिरावलेली, नवी अजून बसावयाची. दोघींस जखडून टाकलें तर तडा जातो, आणि आज जुळविलेली पातळी उद्यां चार सूत चुकते. यासाठीं दोघींमध्यें बोटभर सांधा मोकळा ठेवावा, पाणी शिरूं नये असा लवचिक माल त्यांत भरावा, आणि नव्या जमिनीखालचा मुरूम एकदम न ओततां थरावर थर, पाणी मारून व धुम्मस करून बसवावा. नव्या-जुन्याच्या सांध्यांत थोडी मोकळीक असावी, ही गोष्ट घरांत नवी सून येण्याच्या सुमारास ऐकावयास मिळाली. ती आम्हीं बांधकामाच्या वहीबाहेरहि टिपून ठेविली.

संस्कृतांत ‘देहलीदीपन्याय’ म्हणून एक न्याय आहे. देहली म्हणजे उंबरठा. उंबरठ्यावर ठेविलेला दिवा घरांतहि उजेड पाडतो आणि बाहेरहि. एकच शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही पदांस लागूं पडतो, तेथें हा न्याय सांगतात. वर्गांत फळ्यावर तो आम्हीं कितीदां तरी लिहिला असेल. पडवींत दिवा कोठें लावावा हा प्रश्न निघाला तेव्हां तो प्रथमच घरकामास आला. जमीन जेथें बदलते तेथेंच, भिंतीच्या खालच्या अंगास, दिवा असावा. म्हणजे उजेड पावलांवर पडतो, डोळ्यांवर येत नाहीं, आणि वरच्या व खालच्या दोन्ही दारांतून दिसतो.

ज्यांस घर वाढवावयाचें असेल त्यांस आमची एवढीच विनंति, कीं कुदळ पडण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाच्या मागें एक दिवस मुकाट्यानें हिंडावें, आणि तें माणूस जेथें जेथें जातें त्या जागा कागदावर मांडाव्या. कागदावरचा इंच खोडावयास रबर पुरतो. फरशी बसल्यावर तोच इंच खोडावयास छिन्नी, धूळ आणि पुन्हां तितकाच पैसा लागतो. आणि पैशानें भरून न येणारें असें कांहीं त्या इंचापायीं आधींच गेलेलें असूं शकतें.

नातसून वरच्या खोलींत राहावयास आली त्यास आतां सहा महिने झाले. वहिनी रोज तिन्हीसांजेस कठड्यावर हात ठेवून उतरणीनें वर जातात, तिच्याशीं घटकाभर बोलत बसतात, आणि मग दोघी मिळून पंगतीस खालीं येतात. पडवींतला दिवा रात्रभर जळतो. विजेच्या बिलाविषयीं अत्यंत काटेकोर असलेला आमचा पुतण्या त्याबद्दल अद्याप एक शब्द बोललेला नाहीं. वहिनींच्या उशाशीं रात्रीं पाण्याचा तांब्या भरून ठेविलेला असतो, आणि सकाळीं तो रिकामा असतो.